एकशे सत्त्याऐंशी नंबरचा कागद

आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून यायला बंदी होती. चेअरमनसुद्धा दारात बूट काढून नुसत्या मोज्यांवर आत यायचे. आणि हा माणूस चिखलानं बरबटलेल्या वहाणांसकट थेट माझ्या टेबलापाशी येऊन उभा! दिवाळी आठ दिवसांवर आलेली, बाहेर अवेळी भुरभूर चाललेली... त्याच्या केसांवर बारीक थेंब, हातात भिजलेली वही, आणि चेहरा असा की मीच त्याची म्हैस कोंडवाड्यात घातलीय.

“माझी यादी कुठं हाय?”

“वहाणा कुठं आहेत?” मी विचारलं.

त्यानं खाली बघितलं. “पायात.”

“त्या दाराबाहेर हव्यात.”

तो मुकाट्यानं मागं वळला, वहाणा काढल्या, आणि ओल्या अनवाणी पायांनी परत आला. फरशीवर त्याची पावलं उमटली. मला खरं तर राग यायला हवा होता. पण त्यानं जे शहाण्या पोरासारखं ऐकलं ना, त्यानं माझा निम्मा राग तिथंच गेला.

“आता सांगता का? माझी यादी कुठं हाय?”

“लायनीत. अकरावा नंबर.”

“अकरावा! माझ्या पुढं कोण कोण हाय?”

मी पडद्यावर वाचून दाखवलं. भांडार, गेट, वजनकाटा...

“वजनकाट्याचे चाळीस पानं असतात, मॅडम. बाहेर लिंबाखाली शेतकरी बसलेत. कुणाच्या उसाला कव्हा तोड येणार, ते माझ्या यादीवर हाय. जरा पुढं घ्या की.”

“इथं कुणी पुढं जात नाही.”

“चेअरमन बी न्हाई?”

“चेअरमनचा कागद चौदावा आहे.”

तेव्हा तो हसला. हसताना मान खाली घालायचा, चोरी पकडल्यासारखा. त्याचं नाव चंद्रभान. ताडकळसचा. शेती शिकलेला, नुकताच कारखान्याच्या शेतकी खात्यात लागलेला. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी कळलं ते एवढंच, की हा माणूस यादी येईपर्यंत पाऊण तास भिंतीला टेकून उभा राहू शकतो आणि एकदाही “झालं का?” म्हणत नाही.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. तुम्हाला वाटेल, छापायच्या मशीनवर कसलं आलंय प्रेम! पण आमचं झालं ते तिथंच, त्याला मी काय करू?

आमचा साखर कारखाना पूर्ण्यापासून तासाभराच्या अंतरावर. साऱ्या खात्यांत मिळून टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कळफलक, सात, आणि छापायची मशिनं दोन. मोठं मशीन थोरली, छोटं ते धाकटी, नुसत्या पावत्यांपुरती. ही नावं मीच ठेवली होती. कुणीही कुठल्याही टर्मिनलवरून कागद पाठवला, की तो माझ्या लायनीत येऊन उभा राहायचा, मशीननं दिलेला स्वतःचा नंबर घेऊन; लायनीतली जागा वेगळी, हा नंबर वेगळा. आणि मी त्या लायनीची रखवालदार. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं... एलपीस्टॅट टाइप केलं की कुणाचा कागद कुठं अडकलाय ते दिसायचं. मशीन थांबवायचं तर डिसेबल. चालू करायचं तर एनेबल. कागद काढूनच टाकायचा तर कॅन्सल. पाच-सहा शब्द सगळे. पण त्या पाच-सहा शब्दांवर अख्खा कारखाना चालतो अशा तोऱ्यात मी वावरायची. बावीस वर्षांची होते. अप्पा रेल्वेत गँगमन, घर पूर्ण्याच्या रेल्वे क्वार्टरात. नांदेडहून डिप्लोमा करून, सगळ्या पुरुषांच्या कारखान्यात मी एकटी मुलगी त्या थंडगार खोलीत बसलेली. तोरा नसता तर टिकलेच नसते.

गाळप सुरू झालं. सारी हवा मळीच्या आंबूस-गोड वासानं भरून गेली. चंद्रभान रोज यायचा. आता न सांगता वहाणा दारातच काढायचा. टायरच्या सोलाच्या, जाडजूड, डाव्या वहाणेचा अंगठा शिवलेला. मला पडद्यावरून मान वळवायची गरजच नसायची. दाराच्या फटीतून त्या वहाणा दिसल्या की कळायचं... आणि मग माझं टायपिंग चुकायचं.

प्रत्येक कागदाच्या आधी मशीन एक कोरंसं पान छापतं. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव आणि विषय, ठळक मोठ्या अक्षरात. ते पान कुणी वाचत नाही. आमचा शिपाई आश्रुबा ती पानं घडी करून चहाच्या कपाखाली ठेवायचा. एक दिवस मी सहज वाचलं. इंग्रजी अक्षरात मराठी, कारण मशीनला मराठी अक्षरं येत नव्हती. “विषय: तोडीची यादी. बाहेर चिवडा लय झकास आलाय.”

मी इकडं तिकडं बघितलं आणि पान ओढणीखाली घेतलं.

उत्तर द्यायला माझ्याकडं जागा होती. मशीन थांबवताना कारण लिहिता येतं. मग कुणीही आपल्या टर्मिनलवरून विचारलं, थोरली का बंद, की ते कारण त्याच्या पडद्यावर उमटतं. दुपारी रिबन बदलायला मशीन थांबवलं आणि लिहिलं, “रिबन बदलणे चालू आहे. चिवडा फार तिखट होता.”

दुसऱ्या दिवशी विषय: “तिखट सोसत नसल्यास रेवडी आणावी काय?”

“कागद भरणे चालू आहे. रेवडीला हरकत नाही.”

असं चाललं होतं. बोलायला गेलं तर आम्ही दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचो, तीही यादीचीच. पण त्या चार वाक्यांत तो माझ्याकडं ज्या नजरेनं बघायचा... जाऊ दे. मला सांगता येणार नाही ते.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तो आमच्या टेबलापाशी आला. शेतकी खात्याचे तिघं-चौघं तिथंच डबे सोडून बसलेले.

“काय आणलंय आज?” त्यानं माझ्या डब्यात डोकावलं.

“भाकरी. ठेचा.”

त्यानं सरळ हात घातला, भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि खाल्ला. शेजारच्यांचे हात डब्यातच थांबले. तो मराठ्याच्या घरचा, बारा एकराच्या शेतकऱ्याचा पोरगा. आणि मी कुणाची, ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि माझं सत्यशीला हे नाव रोज त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्या आजीनं ठेवलेलं.

“ठेचा जमलाय,” तो म्हणाला. “अजून हाय का?”

त्या दिवशी उरलेला डबा मी तसाच घरी परत नेला. आनंदानं की भीतीनं, ते मला आजही सांगता येत नाही. डब्यातला घास उचलणं वेगळं, आणि हात धरून घरात नेणं वेगळं. माझ्या मामेबहिणीबरोबर एक पोरगा दोन वर्षं कॉलेजात फिरला. त्याच्या घरी कळलं, त्या दिवसापासून रस्त्यात दिसला तरी ओळख दाखवेना. ती बिचारी आजही त्या रस्त्यानं जात नाही. मी मनाशी म्हणायचे, चिवड्या-रेवडीपर्यंत ठीक आहे बाई. पुढं नको.

आणि डिसेंबर संपता संपता तो आला. वहाणा काढल्या. पण आत येऊन नुसताच उभा.

“लायनीत एक कागद टाकलाय,” तो म्हणाला.

“दिसला. एकशे सत्त्याऐंशी नंबर. एका पानाचा.” मी पडद्याकडंच बघत होते. “पण थांबवून ठेवलाय.”

“हां. पाठवतानाच होल्ड लिहिलं. तुमच्याच पुस्तकात वाचून.”

“कामून?” मी त्याच्या बोलीत विचारलं. माझ्याही नकळत.

“तुमच्यासाठी हाय तो. तुमच्या मर्जीनं सोडा. आज, उद्या... माझी काही घाई न्हाई.” दाराकडं वळला, पुन्हा फिरला. “म्हणजे... वीस तारखेपर्यंत घाई न्हाई.”

“वीस तारखेला काय आहे?”

त्यानं सांगितलं. आमचं कॉम्प्युटर ज्या कंपनीनं बसवलं, तिचे लोक त्याचं काम बघून गेले होते. पुण्याला बोलवत होते. साऱ्या कारखान्यांना तोडीचे कार्यक्रम बसवून द्यायचं काम. वीस जानेवारीच्या टपालानं हो किंवा नाही कळवायचं होतं.

“तुमी कागद वाचा,” तो म्हणाला. “तुमी काय म्हणता त्यावर माझं पुण्याचं ठरंल.”

तो गेला. मी एलपीस्टॅट केलं. एकशे सत्त्याऐंशी... थांबवलेला. एक शब्द टाइप करायचा, की मशीन खरखर करून तो कागद माझ्या हातात देईल. तेवढंही नको. रखवालदाराकडं सगळ्या किल्ल्या असतात. डिस्कवर तो कागद कुठं ठेवलाय ते मला ठाऊक होतं, पडद्यावर उघडून गुपचूप वाचता आला असता. पण दुसऱ्याचा न छापलेला कागद चोरून वाचायचा नाही, हा माझा नियम होता. आणि खरं सांगू? नियमाचं निमित्त होतं. मला भीती वाटत होती. कागद हातात आला की उत्तर द्यावं लागणार. हो म्हटलं, आणि त्याच्या घरी कळल्यावर त्यानंही मान फिरवली तर? त्यापेक्षा थांबलेला कागद बरा. थांबलेला असला की निदान तो असतो.

मग रोजचं ठरूनच गेलं. सकाळी आले की ओढणी सावरायच्या आधी लायन बघायची. सगळ्यात वर एकशे सत्त्याऐंशी आहे ना? आहे. मग चहा.

तो एकदाही विचारायचा नाही. यादी घ्यायचा, वहाणा घालायचा, जायचा. फक्त विषयात आता चिवडा नसायचा. नुसतंच “तोडीची यादी.”

चौदा जानेवारीला संक्रांतीच्या दिवशी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागल्याची, नामविस्ताराची बातमी आली. अप्पा पेढे घेऊन घरी आले आणि दारातच बसून लहान मुलासारखे रडले. “सोळा वर्षं उभे होतो, पोरी,” एवढंच म्हणत राहिले. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी त्यांच्या तोंडात पेढा घातला आणि मलाही रडू आलं. मग चार दिवस गावागावांत कुजबुज, कुठं जल्लोष, कुठं तणाव. एसटी कधी बंद, कधी अर्ध्यातून परत. आईनं मला घराबाहेर पडू दिलं नाही. मी खिडकीत बसून विचार करायची, ताडकळसला त्याच्या घरी आज काय बोलत असतील?

एकोणीस तारखेला बुधवारी गाडी मिळाली. कारखान्यात पोचले आणि कपाळावर हात मारला. मी नसताना थोरलीत कागद अडकला होता. आणि आमचे बाबू लोक! एकदा पाठवलं, आलं नाही, की पुन्हा पाठवायचं. पुन्हा नाही आलं, पुन्हा. गेटच्या माणसानं तर एकच कागद एकवीस वेळा पाठवलेला. लायनीत एकशे त्रेचाळीस कागद, डिस्क गच्च भरलेली, मशीन नवीन काही घ्यायलाच तयार नाही. आणि बुधवार म्हणजे फळ्यावर लावायच्या आठवड्याच्या मोठ्या यादीचा दिवस; रोजच्या याद्या खात्यापुरत्या असायच्या. लिंबाखाली दीडशे माणूस. चार दिवसांत कुणाच्या फडात कोयता पडला नव्हता, ऊस वाळायला लागला होता, आणि आवाज चढत होते.

जिंतूरकर साहेब, आमचे मॅनेजर, मोज्यांवर पळत आले. “सत्यशीला, काय वाट्टेल ते कर. बाराच्या आत यादी फळ्यावर लागली पाहिजे.”

अडकलेला कागद ओढून काढला. बोटं काळी झाली. मग बसून एक ओळ लिहिली. लायनीत जो जो नंबर दिसेल तो उचल आणि रद्द कर. एन्टर. पडद्यावर भराभर नंबर उडत गेले, डिस्क मोकळी झाली, शेतकी खात्यातून यादी नव्यानं आली, थोरली खरखरायला लागली... पावणेबाराला आश्रुबानं फळ्यावर यादी लावली. बाहेरून गलका ऐकू आला, पण चांगला. “माझा लागला! माझा लागला!” मला तर वाटलं मीच लढाई जिंकले.

आश्रुबा चहा घेऊन आला. हसत होता. “बाई, तुमी तर समद्यायला बेजार केलं. जो तो टर्मिनल उघडायलाय, अन् पडद्यावर तुमचंच नाव. ‘तुमचा कागद सत्यानं रद्द केला.’ गेटवाल्याला तर एकवीस वेळा आलं!”

मीही हसले. हसता हसता थांबले.

दुसऱ्याचा कागद रद्द केला की मशीन मालकाला त्याच्या पडद्यावर टपाल पाठवतं. कुठला नंबर, कुणी रद्द केला. बस्स. चुकून की मुद्दाम, वाचून की न वाचता, ते सांगत नाही.

एलपीस्टॅट. लायन रिकामी. सगळ्यात वर जिथं तीन आठवडे तो नंबर होता, तिथं काही नाही.  रद्द केलेला कागद परत येत नाही, हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं.

धावत शेतकी खात्यात गेले. त्याची खुर्ची रिकामी. “चंद्रभान फडावर गेला,” कुणीतरी म्हणालं. “पडद्यावरचं टपाल वाचलं, गाडी काढली, गेला.” मी तिथं कुणाला काय सांगणार? सगळे माझ्याकडं बघत होते. परत आले. संध्याकाळपर्यंत दाराच्या फटीतून वहाणा दिसल्या नाहीत.

गुरुवारी, वीस तारखेला, आल्या आल्या त्याच्या टेबलावर फोन लावला.

“मी बोलतेय. ते... कालचं...”

“असू द्या मॅडम.” आवाज शांत होता. एवढा शांत की मला ऐकवेना. “समजलं मला.”

“अहो, काय समजलं? मी तो कागद...”

“तुमी काही बोलू नका. तुमची मर्जीच विचारली होती ना मी. चारच्या जीपनं पुण्याचं टपाल देतो.” आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचललाच नाही.

समजलं म्हणे! कपाळ समजलं! मला एवढा संताप आला, त्याचा नाही, माझा. तीन आठवडे तो कागद माझ्या हाताशी होता. एक शब्द टाइप करायचा होता. त्याच्या घरच्यांना कळेल, लोकांना कळेल, नावं ठेवतील, म्हणून मी तो लपवून ठेवला होता. कळू नये म्हणून! आणि आता साऱ्या कारखान्याला माहीत होतं की सत्यानं रद्द केलं, फक्त त्यालाच खरं माहीत नव्हतं.

मी शांतपणे खुर्ची पुढं ओढली. आज फळ्यावरच्या यादीचा दिवस नव्हता. असता तर मी हे केलं नसतं, शेतकऱ्यांना ताटकळत ठेवून तर नाहीच.

टाइप केलं, डिसेबल थोरली. कारण: “एकशे सत्त्याऐंशी नंबरचा कागद माझ्या हातून चुकून रद्द झाला. मी तो वाचला नव्हता. तो मला हवा आहे. पुन्हा येईपर्यंत मशीन बंद. सत्यशीला.”

बोट एन्टरवर ठेवून क्षणभर थांबले. सात टर्मिनल. वजनकाटा, गेट, भांडार, साहेब... सगळे वाचणार. संध्याकाळी पूर्ण्याच्या बसमध्येही बोलणं निघणार. अप्पांचं वाक्य आठवलं. सोळा वर्षं उभे होतो, पोरी.

दाबलं.

लायन मी बंद केली नव्हती, बरं का. फक्त छपाई थांबवली होती. कागद येऊन उभे राहू शकत होते. अकरापर्यंत तीन आले. मग लोकांनी विचारायला सुरुवात केली, थोरली का बंद? आणि भिंतीपलीकडून पहिलं हसू ऐकू आलं. मग दुसरं. फोन वाजला. वजनकाटा.

“मॅडम, त्या कागदवाल्याला म्हणावं, लवकर पाठव बाबा! माझ्या गाड्या खोळंबल्यात!”

माझे कान तापले, पण फोन ठेवताना मला हसूही आलं.

दुपारी जिंतूरकर साहेब आले. मोज्यांवर, हळूहळू. माझ्या पडद्यावरचं कारण वाचलं. चष्मा काढून पुसला.

“एकशे सत्त्याऐंशी कुणाचा?”

मी रिबन सरळ करायला लागले.

“किती वेळ बंद राहणार हे?”

“टपालाची जीप चारला जाते, साहेब.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बाहेर शेतकी खात्याकडं. “चारपर्यंतच,” म्हणाले आणि निघून गेले.

तीन वाजले. सव्वातीन. त्यानं टर्मिनल उघडलंच नसेल तर? मी एलपीस्टॅट करत होते, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. नऊ कागद जमले होते. एकही त्याचा नाही. साडेतीन. खिडकीतून फाटकापाशी जीप दिसली. ड्रायव्हर लिंबाजी काचा पुसत होता.

तीन चाळीसला लायनीच्या तळाशी एक ओळ उमटली. दहावा नंबर. पाठवणारा चंद्रभान. एक पान. या वेळी होल्ड नव्हतं.

मी एनेबल टाइप करायला गेले आणि हात थांबला. त्याच्यापुढं नऊ होते. वजनकाट्याची चाळीस पानं. चेअरमनचा अहवाल. नियमानं तो कागद साडेचारला हातात येणार होता.

इथं कुणी पुढं जात नाही. मीच म्हणाले होते.

त्या दिवशी मी लायन मोडली. नोकरीत पहिल्यांदा आणि शेवटी. त्याचा दहावा नंबर उचलून सगळ्यांच्या पुढं ठेवला आणि मशीन सुरू केलं. थोरली खरखरली. चेअरमन मागं राहिले.

कागद बाहेर येत होता तसतशी मी वाचत होते, इंग्रजी अक्षरं, मराठी शब्द, ओळ ओळ.

“सत्यशीला, पहिल्या कागदात होतं तेच लिहितो. तुमाला विचारायच्या आधी मी घरी सांगितलं. डिसेंबरातच. तुमी कोण, कुणाच्या, समदं. बाप तव्हापासून शेतातच जेवायलाय. आई दोन दिवस बोलली न्हाई. तिसऱ्या दिवशी म्हणाली, पोरगी कोण हाय ते कळलं, कशी हाय ते सांग. म्या म्हणलं, तिच्या लायनीत चेअरमनचा नंबर बी चौदावा असतो. आई म्हणाली, मग ती आपल्या घरात शोभंल. बाप अजून हो म्हणला न्हाई, ते खोटं लिहिणार न्हाई. पण मी मागं फिरणार न्हाई. एवढंच सांगायचं होतं. चंद्रभान.”

घरी सांगितलं होतं. विचारायच्या आधीच! ज्या भीतीपायी मी तो कागद थांबवून ठेवला, तिचं उत्तर त्या कागदातच होतं... तीन आठवडे.

मी पान फाडलं आणि पळाले. कडेच्या भोकांच्या पट्ट्या तशाच फडफडत होत्या. उसाची चिपाडं पडलेलं सारं आवार ओलांडून फाटकापर्यंत. जीपपाशी तो उभा होता. हातात पाकीट. एक नाही, दोन.

त्यानं मला बघितलं. मग त्याची नजर खाली गेली.

“वहाणा कुठं हायेत?”

मी खाली बघितलं. अनवाणी! चपला खोलीच्या दारातच राहिल्या होत्या. “बाहेर आहेत,” मी धापा टाकत म्हणाले.

“बाहेर तर तुमी बी हाव.”

मला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर डोळेही भरले. “ही दोन पाकिटं कसली?”

“एकात हो लिहिलंय, एकात न्हाई.” तो पुढं सरकला. “कागद वाचला?”

“वाचला.”

“मग... कोणतं टाकू?”

लिंबाजीनं हॉर्न वाजवला. गेटचा माणूस खिडकीतून निम्मा बाहेर आला होता. बघू दे. मी त्याच्याकडं सरळ बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मान न वळवता.

“कोणतंही टाका,” मी म्हणाले. “मी दोन्हीकडं येणार आहे.”

त्यानं दोन्ही पाकिटांकडं बघितलं. मग मान खाली घालून हसला, चोरी पकडल्यासारखा. एक पाकीट खिशात घातलं, दुसरं लिंबाजीच्या हातात दिलं.

“न्हाईचं टाकलं,” मला म्हणाला. “पुणं कुठं पळून जायलंय? आधी बापाला जेवायला घरात आणायचंय. ते आपण दोघं मिळून करू.”

जीप गेली. धूळ खाली बसली.  मग त्यानं पायातल्या वहाणा काढल्या आणि माझ्यापुढं सरकवल्या.

“घाला. चिपाडं टोचत असतील.”

लय मोठ्या होत्या. पाऊल उचललं की मागं राहायच्या. फटक फटक करत मी साऱ्या आवारातून चालत गेले, आणि तो शेजारून अनवाणी. कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात मी त्या काढल्या, माझ्या चपलांशेजारी नीट लावून ठेवल्या आणि आत गेले. चेअरमनचा कागद अजून छापायचा होता.